पहिली दोन वर्षं कुणाच्या खर्चाने?

भोसरी एमआयडीसीत आमची छोटी कॅलिब्रेशन लॅब आहे. आजूबाजूच्या वर्कशॉपमधले मायक्रोमीटर, व्हर्निअर, डायल, प्रेशर गेज, थर्मोकपल आमच्याकडे येतात. आम्ही ते तपासतो, किती चुकतात ते लिहून देतो आणि सर्टिफिकेटवर सही करतो. कामाला अकरा जण. त्यातले एक-दोन दर वर्षी सोडून जातात, म्हणून दर वर्षी मुलाखती.

मुलाखतीत मी फार प्रश्न विचारत नाही. टेबलावर मलमलच्या फडक्यावर टर्निंग केलेली एक पोलादी पिन ठेवतो, शेजारी ०.०१ मिलिमीटर लीस्ट काउंटचा, म्हणजे तेवढं बारीक मोजणारा, मायक्रोमीटर ठेवतो आणि म्हणतो, 'हिचा व्यास सांगा.' समोरचा चार वर्षं इंजिनिअरिंग करून आलेला असतो. तो मायक्रोमीटर उचलतो, रॅचेटला, म्हणजे ठरावीकच दाब देणाऱ्या टोकाच्या मुठीला, हात न लावता नळ बंद करावा तसा थिंबल (फिरवायची नळी) आवळतो, एकदाच बघतो आणि सांगतो, 'दहा पॉइंट शून्य तीन.' दहातले आठ जण असंच करतात. सगळ्यांना नापास करायचं म्हटलं तर लॅबला कुलूप लावावं लागेल.

गेल्या वर्षी एक मुलगी आली. तिने आधी फडक्याचा कोपरा मायक्रोमीटरच्या दोन्ही तोंडांवरून फिरवला, पिन न घालताच तो रॅचेटने बंद केला, डोळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, 'सर, यात झिरो एरर आहे. प्लस दोन भाग.' म्हणजे बंद असतानाच तो शून्याऐवजी ०.०२ दाखवतो. आहेच. मी तो मुद्दाम तसा ठेवलाय. मग तिने पिन तीन जागी मोजली, प्रत्येक जागी काटकोनात फिरवून पुन्हा मोजली, सहा आकडे कागदावर उतरवले, सरासरी काढली आणि त्यातून ०.०२ वजा केले. ती मेकॅनिकलची नव्हती. जुन्नर तालुक्यातल्या एका कॉलेजातून बी.एस्सी. फिजिक्स झालेली होती. झिरो एरर अकरावीच्या प्रॅक्टिकलला शिकवतात. ती ते विसरली नव्हती, एवढंच.

'डिग्रीनंतर आठ महिने काय केलंस?' असं विचारल्यावर तिने मोबाइल काढून दाखवला. नोकरीच्या एका साइटवरचा फॉर्म. शिक्षणाच्या रकान्यात खाली उघडणारी यादी: बी.ई., बी.टेक., डिप्लोमा, बी.सी.ए., एम.सी.ए., इतर. बी.एस्सी. नाहीच. ती 'इतर' निवडायची आणि पुढे काही यायचं नाही. मधल्या काळात कर्वेनगरच्या एका क्लासला सॉफ्टवेअर टेस्टिंगचा तीन महिन्यांचा कोर्स केला. फी पंचेचाळीस हजार. वडिलांनी टोमॅटोच्या पैशांतून भरली. 'त्या वर्षी भाव बरा होता,' ती म्हणाली.

मला त्या यादीचा भयंकर राग आला. आणि संध्याकाळी नाशिक फाट्याच्या सिग्नलला उभा असताना आठवलं, की माझ्या स्वतःच्या जाहिरातीत काय होतं: 'बी.ई. / डिप्लोमा मेकॅनिकल, किमान दोन वर्षांचा अनुभव.' ती माझ्यापर्यंत आली ती कुणाच्या तरी ओळखीने. जाहिरात वाचली असती तर आलीच नसती.

डिग्रीनंतर काय, हा प्रश्न आपण कायम पोरांना विचारतो. लग्नात विचारतो, सोसायटीच्या लिफ्टमध्ये विचारतो. आणि उत्तरादाखल एक यादी त्यांच्या हातात ठेवतो: गेट दे, जीआरई दे, एमबीए कर, एमपीएससी दे, डेटा सायन्स शीक. यादी चुकीची नाही. पण या सगळ्याच्या तळाशी एक साधा हिशेब आहे आणि तो कुणी मांडत नाही. कॉलेजातून बाहेर पडलेलं पोर, कितीही हुशार असलं तरी, खऱ्या अर्थाने कामाचं व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. हे पूर्वीही होतं, आजही आहे, अमेरिकेतही आहे. प्रश्न एवढाच की या दोन वर्षांचा खर्च कुणी उचलायचा. माझं म्हणणं असं, की पुण्यात हा खर्च एकेकाळी कारखाना उचलत होता आणि आता तो गुपचूप पोराच्या बापाच्या खिशावर टाकला गेलाय. बेरोजगारीच्या बऱ्याचशा चर्चेत ही खांदेपालट दिसतच नाही.

पुण्यातलं सर्वांत जुनं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ मध्ये निघालं ते सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती म्हणून. काम आधी होतं, वर्ग नंतर भरला. पुढे टेल्कोने (आजची टाटा मोटर्स) १९६६ मध्ये पिंपरीत पाय ठेवला, तेव्हाही गाड्या निघायच्या आधी हत्यारं आणि यंत्रं बनवणारा विभाग उभा राहिला आणि शिकाऊ पोरांचं प्रशिक्षण सुरू झालं. आमच्या लहानपणी 'टेल्कोत अप्रेंटिस आहे' हे वाक्य स्थळ सांगताना वापरलं जायचं. यात कंपन्यांचा परोपकार नव्हता. बाजारात तयार माणूस मिळतच नव्हता, मग तो घडवावा लागायचा, आणि घडवताना जो माल बिघडायचा तो कंपनीच्या खात्यावर जायचा.

पुणे विद्यापीठात तेव्हा 'प्रॉडक्शन सँडविच' नावाची एक शाखा होती. कॉलेजात शिकता शिकता मधली दोन सेमिस्टर कारखान्यात काढायची. नावामुळे तिची भरपूर थट्टा व्हायची आणि मेकॅनिकलवाले तिच्याकडे वरून बघायचे. पण तिथली पोरं पहिल्या नोकरीला जायची ती शॉप फ्लोअरवरच्या शिव्या खाऊन झालेली असायची. आज ही शाखा शोधावी लागते.

तिच्या जागी काय आलं ते बघायला नळ स्टॉपपासून कर्वेनगरपर्यंत चालत जा आणि मान वर करून पाट्या वाचा. जावा, टेस्टिंग, एम्बेडेड, व्हीएलएसआय, कॅड-कॅम, फुल स्टॅक, डेटा सायन्स. जवळपास प्रत्येक पाटीवर 'शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स'. यातला 'असिस्टन्स' हा शब्द बारीक अक्षरात असतो. काही क्लास चांगले आहेत, मी नाही म्हणत नाही. सी-डॅकचंच घ्या. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेली संस्था, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तिने बनवला. तिचा सहा महिन्यांचा डिप्लोमा करून पोरं खरोखर नोकरीला लागतात. पण जरा थांबून बघा. चार वर्षं इंजिनिअरिंगची फी भरून झाल्यावर बाप पुन्हा लाखभर रुपये भरतो, तेव्हा पोरगं मुलाखतीला बसण्याजोगं होतं. मग आधीची चार वर्षं कशाची?

इथे १९८३ ची आठवण निघतेच. वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि 'शिक्षणसम्राट' हा शब्द आपल्या बोलण्यात आला. चाळीस वर्षं आपण सगळ्या दुखण्यांचं मूळ तिथे नेऊन ठेवतो. माझं मत वेगळं आहे. त्याआधी इथली पोरं कॅपिटेशन फी मोजून कर्नाटकात जायची. ज्यांना ती मोजता येत नव्हती ती घरी बसायची. कॉलेजं वाढली ते बरंच झालं. बिघडलं ते पुढे. इमारत झाली, बसगाड्या आल्या, गॅदरिंगला सिनेमातले कलाकार आले, आणि वर्कशॉपमधलं लेथ मात्र पहिल्या वर्षी एखादा जॉब (कातायचा तुकडा) करून दाखवण्यापुरतं उरलं. ज्या कॉलेजात मी दोन वर्षं पाहुणा म्हणून शिकवायला जात होतो, तिथे चांगले मायक्रोमीटर होते. कपाटात. किल्ली असिस्टंटकडे आणि असिस्टंट रजेवर. इन्स्पेक्शनला समिती यायची तेव्हा कपाट उघडायचं, मायक्रोमीटर पिशव्यांतून बाहेर यायचे, समिती गेली की परत आत. पोरांनी तोडला तर जबाबदारी कुणाची, हा तिथल्या माणसाचा प्रश्न होता आणि त्याच्या बाजूने तो खरा होता. त्याच्या पगारातून कापला जाण्याची भीती त्याला होती. शिकवलं नाही म्हणून कुणी काही कापणार नव्हतं.

आता लाट कॉम्प्युटरची आहे. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या ए.आय.सी.टी.ई.ने २०२४-२५ पासून शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादाच काढली. कॉम्प्युटर आणि 'एआय-एमएल' म्हणवणाऱ्या तुकड्यांवर तुकड्या वाढल्या, तर मेकॅनिकल-सिव्हिलच्या जागा गेली काही वर्षं रिकाम्या राहताहेत. आणि हे कुठे, तर पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव या पट्ट्याच्या उशाला, जिथे मेकॅनिकलचं काम डोळ्यांनी दिसतं. पालकांना मूर्ख म्हणायचं कारण नाही. आयटीतल्या पहिल्या पाच वर्षांतली वाढ आणि शॉप फ्लोअरवरची वाढ यांतला फरक त्यांना बरोबर कळतो. पण आयटीतही सरसकट भरती करणाऱ्यांचं फ्रेशरचं पॅकेज २०१० च्या आसपास तीन-साडेतीन लाख होतं आणि आजही मोठ्या संख्येने पोरांना तेवढंच मिळतं. वाकडमधलं खोलीभाडं आणि मेसचा डबा मात्र २०१० मध्ये थांबलेले नाहीत.

एमपीएससीबद्दल फार लिहीत नाही. सदाशिव पेठेतल्या आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांत बसलेल्यांत इंजिनिअर किती आहेत, हे तिथल्या कुठल्याही चहावाल्याला विचारा. मला त्या पोरांवर टीका करवत नाही. पण जलसंपदा किंवा बांधकाम खात्यात इंजिनिअर म्हणून जाण्यासाठी अभ्यास करणं वेगळं, आणि इंजिनिअरिंग विसरण्यासाठी पाच वर्षं इतिहास पाठ करणं वेगळं. दुसऱ्या प्रकारची पोरं एखाद्या नोकरीकडे चाललेली नसतात; आपल्या डिग्रीपासून लांब पळालेली असतात.

फिजिक्सवाल्यांची गोष्ट आणखी विचित्र आहे. एम.एस्सी. फिजिक्स झालेल्याला पुण्यात बऱ्यापैकी पैसे कुठे मिळतात? जेईई-नीटच्या क्लासमध्ये. म्हणजे ज्याला विषय मनापासून आवडला त्याला उत्तम पगार मिळतो तो दुसऱ्यांना तो विषय एका परीक्षेपुरता शिकवून इंजिनिअर नाहीतर डॉक्टर करण्याचा. तोच माणूस नेट-सेट होऊन, कधी कधी पीएच.डी. करून, कॉलेजात गेला तर तासिका तत्त्वावर राबतो. मानधन तासांवर, सुट्टीत शून्य, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत. मग लोक म्हणतात, फिजिक्सला स्कोप नाही.

स्कोप आहे, पण तो दिसावा अशी कुणाची सोय नाही. एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो, कारण हे काम मी जवळून पाहिलंय. कॅन्सरच्या रेडिओथेरपीचं लिनॅक मशीन जिथे असतं तिथे मेडिकल फिजिसिस्ट लागतो आणि रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर लागतो. अणुऊर्जा नियामक मंडळाचा तसा नियम आहे. सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी हा माणूस मशीनखाली प्लास्टिकचा ठोकळा ठेवतो, त्यात किरणांचा डोस मोजणारं पेन्सिलीएवढं आयनायझेशन चेंबर सरकवतो, ठरलेला डोस सोडतो आणि आकडा घेतो. या चेंबरात साधी हवा असते, बाहेरच्या हवेशी जोडलेली. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर. इथला हवेचा दाब ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास असतो आणि प्रमाण दाब धरतात १०१.३. हवा विरळ, म्हणून चेंबरातल्या हवेचं वस्तुमान कमी, म्हणून आकडा सहा-सात टक्के कमी येतो. ही दुरुस्ती न करता 'मशीन कमी देतंय' म्हणून डोस वाढवला, तर पेशंटच्या अंगावर तेवढाच जास्त जाईल. परवानगी असते दोन-तीन टक्क्यांच्या चुकीची. भिंतीवरच्या बॅरोमीटरकडे बघून केलेलं ते गणित अकरावीच्या वायूच्या नियमांचंच आहे. त्या गणितावर कुणाचा तरी घसा नाहीतर फुप्फुस अवलंबून असतं.

या कामासाठी एम.एस्सी. फिजिक्सनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा एक वर्षाचा डिप्लोमा असतो. भाभा अणुसंशोधन केंद्र तो १९६२ पासून चालवतं. त्यानंतर वर्षभर इंटर्नशिप. बारावीपासून एम.एस्सी.पर्यंत पाच वर्षांत हे नाव किती प्राध्यापक वर्गात उच्चारतात? माझ्याकडे आलेल्या फिजिक्सच्या पोरांपैकी फक्त दोघांनी ते ऐकलेलं होतं. हवामान खात्याच्या सायंटिफिक असिस्टंट पदाला भौतिकशास्त्र घेतलेला बी.एस्सी. चालतो, डीआरडीओच्या तांत्रिक पदांना चालतो. शिवाजीनगर, पाषाण आणि दिघीच्या रस्त्यांवरून बसने जाणाऱ्या पोरांना त्या कुंपणांपलीकडे आपल्यासाठी दार आहे याचा पत्ता नसतो.

आणि फिजिक्स वेगळं, इंजिनिअरिंग वेगळं ही भिंत फॉर्मच्या रकान्यात जेवढी जाड आहे तेवढी कामात नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे शाळेच्या पोरांची जत्रा भरते, एकदा जाऊन या. एवढी मोठी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर वाऱ्याने ढकललं असतं, आणि ते पेलायला लागणाऱ्या पोलादाचा खर्च परवडला नसता. रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोऱ्यांसारख्या ताणलेल्या स्टेनलेस तारा आणि त्यावर तारेची जाळी असा घाट घातला. वारा जाळीतून निघून जातो. रेडिओ लहरी मात्र परत फिरतात, कारण जाळीची भोकं तरंगलांबीपेक्षा बरीच लहान आहेत. हे फिजिक्स म्हणायचं की स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग? ज्यांनी केलं त्यांना हा प्रश्न पडला नसावा. आता हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारं लायगो-इंडिया उभं राहायचंय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींना मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या आणि आत जबरदस्त निर्वात. त्या नळ्यांशेजारी उभं राहायला जी माणसं लागतील ती सगळी पीएच.डी.वाली नसतील. व्हॅक्यूम पंप, गेज, गळती शोधणारे डिटेक्टर हाताळणारी हवीत. माझ्याकडे मुलाखतीला आलेल्यांपैकी रोटरी पंपाचं तेल बदललेलं पोर मला अजून भेटायचंय.

आता मालकांची बाजू, कारण मी मालक आहे. तीन वर्षांपूर्वी मी एका मुलाला अकरा महिने शिकवलं. मापनातली अनिश्चितता कशी काढायची, वीस अंश सेल्सिअसलाच लांबी का मोजायची, शंभर मिलिमीटरचा पोलादी तुकडा दहा अंशांनी तापला की अकरा-बारा मायक्रॉन वाढतो आणि मे महिन्यातल्या भोसरीत तो सहज तेवढा तापतो, हे सगळं. त्याच्या हातून एक स्लिप गेज ब्लॉक, म्हणजे लांबीचं प्रमाण म्हणून वापरायचा ठोकळा, पडला, त्याची भरपाईही मी केली. बारावा महिना लागायच्या आत तो चाकणला गेला, सहा हजार जास्त मिळतात म्हणून. मी चिडलो. ओळखीचे कारखानदार म्हणाले, 'बाँड लिहून घ्यायचा, ओरिजिनल मार्कशीट ठेवून घ्यायची.' बरेच जण ठेवतात. पोराची मार्कशीट आपल्या कपाटात कुलूपबंद करणं हा वेठबिगारीचाच सुशिक्षित प्रकार आहे, असं माझं मत आहे आणि ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. पण राग मलाही आला होता हे खरं.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं, की चाकणच्या त्या कंपनीला माझे अकरा महिने फुकट मिळाले. आणि त्याच्या आधीच्या वर्षी मी आकुर्डीहून जो तयार मुलगा उचलला होता, त्याला शिकवायचा खर्च तिथल्या कुणीतरी केला होता. विहीर कुणी खणायची हा वाद आहे, पाणी सगळ्यांनाच हवंय. म्हणून सगळेजण 'दोन वर्षांचा अनुभव' मागतात आणि तो अनुभव देणारा कुणीच उरत नाही. एकट्यादुकट्याने चांगलं वागून हे सुटणारं नाही. म्हणून मी याला सार्वजनिक प्रश्न म्हणतो. एखाद्या पोराच्या करिअर-मार्गदर्शनाने भागण्यातलं हे नाही.

गंमत म्हणजे यासाठी कायदा आहे. शिकाऊ उमेदवारी कायदा, १९६१. १९७३ मध्ये पदवीधर इंजिनिअर त्यात आले, २०१४ च्या दुरुस्तीने इतर पदवीधरांनाही वाट मोकळी झाली, म्हणजे बी.एस्सी. फिजिक्सही चालतो. तीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेतलेच पाहिजेत. माझ्यासारख्या छोट्यांना सक्ती नाही, पण मुभा आहे. २०१९ च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरलं आणि किमान रकमेचा निम्मा वाटा केंद्र सरकार देतं. म्हणजे विहिरीचा निम्मा खर्च सरकार द्यायला तयार आहे. मग अडतंय कुठे?

मोठ्या कारखान्यांत अडतंय ते दानतीपाशी. शिकाऊ म्हणून घेतलेलं पोर असेंब्ली लाइनवर वर्षभर तेच चार बोल्ट आवळतं. नाव ट्रेनी, काम कंत्राटी कामगाराचं, पैसे त्याहून कमी, आणि वर्षाअखेरीला सर्टिफिकेट देऊन रवानगी. छोट्यांत अडतंय ते अंगच्या कुवतीपाशी. माझ्या लॅबमध्ये येणारं पोर मोजायला शिकेल, पण वस्तू बनते कशी हे त्याला मी दाखवू शकत नाही. शेजारचा हीट ट्रीटमेंटवाला भट्टी दाखवेल, पण मापन नाही. आणि कॉलेजात अडतंय ते कागदापाशी. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत बी.एस्सी.-एम.एस्सी.ला ओजेटीचे, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाचे, श्रेयांक आले. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात मला एप्रिलमध्ये फोन येतात, 'सर, यायचं नाहीये, फक्त सर्टिफिकेट पाहिजे. शिक्का असला म्हणजे झालं.' एकदा खुद्द त्यांच्या सरांचाच फोन आला होता. म्हणाले, 'साठ मुलं आहेत हो, कुठे कुठे पाठवू?'

त्या सरांवर मी फोनवर चिडलो. नंतर वाटलं, प्रश्न बरोबर आहे त्यांचा. साठ मुलांना घेणारी एक जागा नाही, पण भोसरीत प्रत्येकी एक मुलगा घेऊ शकतील असे साठ कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. त्यांची मोट बांधायची तर ती औद्योगिक वसाहतीतल्या संघटनांनी बांधावी. वीस-पंचवीस युनिटांनी मिळून शिकाऊ घ्यावेत. पोराने तीन महिने मापन, तीन महिने मशीन शॉप, तीन महिने भट्टी किंवा प्लेटिंग, तीन महिने डिझाइन असं फिरावं. विद्यावेतनाचा आपला निम्मा वाटा सगळ्यांनी वर्गणीसारखा द्यावा. पोर नंतर कुठेही गेलं तरी ते वर्गणीदारांपैकीच कुणाकडे तरी जाण्याची शक्यता जास्त. आणि गेलं हिंजवडीला, तर गेलं. गणपतीची वर्गणी देताना प्रसादाचा मोदक आपल्याच घरी येईल का, हे आपण विचारत नाही.

ही कल्पना मी आमच्या भागातल्या एका बैठकीत मांडली. चहा झाला, सामोसे झाले. एकाने विचारलं, 'यात जीएसटी कसा लावायचा?' दुसऱ्याने विचारलं, 'आपली ड्रॉइंग त्या पोरांबरोबर फिरणार नाहीत कशावरून?' दुसरा प्रश्न खरा आहे. दोन प्रतिस्पर्धी व्हेंडर एकाच गटात नकोत, हे मी तिथेच कबूल केलं. सहा जणांनी नावं लिहून दिली. पंचवीस लागतील.

ती मुलगी अजून आहे. गेल्या महिन्यात चाकणच्या एका कंपनीत साइटवर प्रेशर गेज तपासायला गेली होती. तिथल्या क्वालिटीच्या साहेबांनी तिचं सर्टिफिकेट वाचून विचारलं, 'तुम्ही बी.ई. कुठून केलंत?' तिने सांगितलं. साहेब म्हणाले, 'आमच्याकडे जागा आहे, पण एचआरच्या फॉर्ममध्ये तुमची डिग्री बसत नाही.' परत आल्यावर तिने मला हे हसत सांगितलं. मी हसलो नाही. उद्या त्यांनी फॉर्म बदलला तर ती जाईल, आणि तिने जावंही.

या वर्षीची जाहिरात मी बदलली आहे: 'बी.एस्सी. फिजिक्स, बी.ई., डिप्लोमा, कोणीही. अनुभव नको. येताना साधा कॅल्क्युलेटर आणा.' आठवड्यात चौतीस फोन आले. त्यातल्या एकोणीस जणांचा पहिला प्रश्न होता, 'सर, ट्रेनिंगचे पैसे किती भरायचे?'